नावावरचा वाद आणि कामाचा हिशेब

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला दिलेला विषय होता 'स्थानिक स्वराज्य संस्था आणि मुस्लीम तरुण'. जेवणानंतरच्या सत्रात हा विषय त्याच नावानं मांडला असता, तर मागच्या दोन रांगा दहा मिनिटांत झोपल्या असत्या. म्हणून मी एका माणसाची गोष्ट घेऊन आलोय. विषय तोच आहे, काळजी करू नका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर स्टेटसची रांग लागली होती. माशाअल्लाह, सुबहानअल्लाह, आपला माणूस. माझ्या भाच्यानं तर मिठाई आणली. ममदानींच्या वडिलांचा जन्म मुंबईतला, त्यामुळे मलाही जरा जास्तच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण भाच्याला मी विचारलं, हा माणूस तिथं नक्की काय करणार आहे? त्याच्या हातात काय आहे? भाचा म्हणाला, "मामू, मुस्लीम आहे ना, बास की."

बास नाही. म्हणून आज मी नव्या महापौराबद्दल बोलणार नाही, जुन्याबद्दल बोलणार आहे. लंडनचे सादिक खान. २०१६ पासून त्या खुर्चीवर आहेत, तीनदा निवडून आलेत. इतक्या वर्षांत माणसाचं काम दिसतं, चुका दिसतात, त्याच्यावर झालेले हल्लेही दिसतात. आणि यातलं काय कुठल्या खात्यात मांडायचं, हे आपल्याला शिकता येतं.

जन्म ८ ऑक्टोबर १९७० चा, दक्षिण लंडनमधल्या टूटिंगचा. आजी-आजोबा मूळचे लखनौचे. फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि आईवडील १९६८ मध्ये इंग्लंडला आले. आपल्याकडची वर्तमानपत्रं त्यांचा उल्लेख 'पाकिस्तानी वंशाचे' असा न चुकता करतात. लखनौचे वंशज असं लिहिलं, तर तेही खरंच ठरेल, पण ते कुणी लिहीत नाही. असो. वडील लाल डबल डेकर बस चालवायचे, पंचवीस वर्षांहून जास्त. आई घरी शिवणकाम करायची. आठ भावंडं, त्यांत हे पाचवे. राहायला सरकारी वसाहतीतला, म्हणजे तिथल्या कौन्सिलचा तीन बेडरूमचा फ्लॅट. आधी दाताचा डॉक्टर व्हायचं डोक्यात होतं. एका शिक्षकांनी सांगितलं की तू सारखा वाद घालतोस, वकील हो. झाले वकील.

वकिली कसली केली? पोलिसांनी मारहाण केली, नोकरीत भेदभाव झाला, अशा लोकांची. मानवी हक्कांची वकिली म्हणतात ती. त्यात एकदा अमेरिकेतल्या नेशन ऑफ इस्लामचे नेते लुई फर्राखान यांचा ब्रिटनमधला प्रवेशबंदीचा खटलाही त्यांनी लढवला. फर्राखान यांची ज्यूंविरोधी वक्तव्यं सगळ्यांना ठाऊक आहेत. पुढं हा खटला आयुष्यभर त्यांच्या गळ्यात पडला. वकील अशिलाची बाजू मांडतो, त्याची मतं उचलत नाही, हे सांगून सांगून माणूस थकला असेल.

पण मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो वेगळाच आहे, आणि त्यावर कुणी स्टेटस ठेवत नाही. १९९४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते वाँड्सवर्थ बरोचे नगरसेवक झाले. बरो म्हणजे लंडनमधली स्थानिक पालिका समजा. अशा ३२ आहेत, आणि शिवाय सिटी ऑफ लंडन वेगळी. वाँड्सवर्थमध्ये सत्ता होती कंझर्व्हेटिव्ह पक्षाची आणि खान लेबर पक्षाचे. म्हणजे २००६ पर्यंत, तब्बल बारा वर्षं, हा माणूस विरोधी बाकावर बसून होता. बारा वर्षं अंदाजपत्रक वाचायचं, प्रश्न विचारायचे, मतदानात हरायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं. २००५ मध्ये खासदार झाले, २००९ मध्ये वाहतूक खात्याचे राज्यमंत्री म्हणून मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसणारे पहिले मुस्लीम झाले. पण त्यांचं शिक्षण त्या विरोधी बाकावर झालं, असं माझं मत आहे.

मीही एकदा नगरसेवक होतो. एकदाच, पाच वर्षं. त्याबद्दल नंतर सांगतो, कारण ते सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागतो.

आधी महापौर म्हणजे काय ते समजून घेऊ. मुंबईचा महापौर नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि पद कुठल्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीनं ठरतं. मान मोठा, लाल दिवा गेला तरी रुबाब आहे. पण १८८८ च्या कायद्यानं कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं नगरसेवकही नव्हते आणि महापौरही नव्हता, प्रशासकावर गाडी चालली. लंडनमध्ये उलटं. तिथं 'लॉर्ड मेयर' म्हणून एक वेगळं, जुनं, समारंभाचं पद आहेच. पण २००० पासून जो महापौर आहे, त्याला सगळे लंडनकर थेट मत देतात. बस, भुयारी रेल्वे, रस्त्यांचं मोठं जाळं, अग्निशमन, घरबांधणीचा निधी, मोठ्या इमारतींना परवानगी, पोलिसांचं अंदाजपत्रक आणि धोरण हे त्याच्याकडे. शाळा आणि कचरा बरोंकडे, दवाखाने केंद्राच्या आरोग्यसेवेकडे. अंदाजपत्रकात बदल करायचा तर २५ सदस्यांच्या असेंब्लीला दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे खुर्चीला वजन आहे, आणि वजन आहे म्हणून हिशेबही मागता येतो.

मुंबईच्या त्या शोभेच्या खुर्चीलाही एकेकाळी एका माणसानं वजन आणलं होतं, हेही सांगून टाकतो. युसुफ मेहेरअली. १९४२ मध्ये तुरुंगात असताना ते मुंबईचे महापौर म्हणून निवडून आले. 'चले जाव' आंदोलनाचं इंग्रजी नाव त्यांनीच सुचवलं. पनवेलजवळ ताऱ्याला त्यांच्या नावाचं केंद्र आहे, सहल काढायची तर तिथं काढा. मुस्लीम महापौर ही लंडनची किंवा न्यूयॉर्कची मक्तेदारी नाही.

आता २०१६. खान यांच्या विरोधात कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे झॅक गोल्डस्मिथ. एका अब्जाधीशाचा मुलगा आणि एका बस ड्रायव्हरचा मुलगा. खरं तर घरभाडी, बसचं तिकीट, प्रदूषण यावर निवडणूक व्हायची. पण प्रचार फिरला तो खान कुणाकुणाबरोबर व्यासपीठावर बसले होते, यावर. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की टूटिंगमधले एक इमाम आयसिसचे समर्थक आहेत आणि खान त्यांच्याबरोबर व्यासपीठावर होते. नंतर निघालं असं की ते इमाम आयसिसच्या विरोधातले, आणि गंमत म्हणजे खुद्द गोल्डस्मिथ यांच्याबरोबर त्यांचा फोटो होता. कॅमेरॉनना माफी मागावी लागली. मतदानाच्या आदल्या रविवारी एका वर्तमानपत्रात गोल्डस्मिथ यांचा लेख आला आणि त्याच्यासोबत फोटो छापला २००५ च्या बॉम्बस्फोटात उडालेल्या बसचा. बस ड्रायव्हरच्या मुलाविरुद्ध बसचा फोटो.

आणि आपल्याशी संबंध असलेली गोष्ट पुढंच आहे. पटेल, सिंग अशी नावं बघून लंडनमधल्या भारतीय वंशाच्या घरांत पत्रं टाकली गेली. खान निवडून आले तर घरातल्या दागिन्यांवर कर बसेल, असा इशारा त्यात होता. वेम्बली स्टेडियमवरच्या मोदींच्या सभेचाही त्यात वापर झाला. लंडनच्या महापौराला दागिन्यांवर कर लावायचा अधिकारच नाही, हो! पण सोन्याचं नाव काढलं की आपल्याकडच्या माणसाच्या छातीत धस्स होतं, हे पत्र लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं.

निकाल काय लागला? खान यांना दुसऱ्या फेरीअखेर ५६.८ टक्के, तेरा लाखांहून जास्त मतं. आता हा आकडा नीट बघा. २०२१ च्या जनगणनेत लंडनमध्ये मुस्लीम १५ टक्के होते, २०१६ मध्ये त्याहून थोडे कमीच. म्हणजे त्यांना मत देणाऱ्यांत बहुसंख्य ख्रिश्चन, हिंदू, शीख, ज्यू आणि कुठलाच धर्म न मानणारे होते. कंझर्व्हेटिव्ह पक्षातल्याच सईदा वार्सी यांनी त्या प्रचारावर उघड टीका केली. शपथविधी झाला साउथवर्क कॅथेड्रलमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी महापौर म्हणून पहिला जाहीर कार्यक्रम होता ज्यूंच्या संहारातल्या बळींच्या स्मरणाचा. ज्याला फर्राखानचा वकील म्हणून हिणवलं होतं, तो पहिल्याच दिवशी तिथं जाऊन बसला. एक शब्द न बोलता दिलेलं उत्तर होतं ते.

नावावरचे हल्ले थांबले नाहीत. जून २०१७ मध्ये लंडन ब्रिजवर हल्ला झाला, आठ जण मारले गेले. खान म्हणाले, रस्त्यावर पोलीस जास्त दिसतील, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ट्रम्प यांनी अर्धं वाक्य उचललं आणि जगाला सांगितलं की लंडनचा महापौर म्हणतोय हल्ल्याला घाबरायचं कारण नाही. तेव्हापासून ते सुरूच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून लंडनला शरियतकडे जायचंय, असंही बोलून झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ली अँडरसन या खासदारानं टीव्हीवर सांगितलं की इस्लामी कट्टरवाद्यांनी खान यांना ताब्यात घेतलंय. पक्षानं निलंबित केलं, तर हा गृहस्थ दुसऱ्या पक्षात गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये खान यांच्या आवाजातली एक ध्वनिफीत फिरली. पहिल्या महायुद्धातल्या शहिदांच्या स्मरणाचा कार्यक्रम पुढं ढकला, पॅलेस्टाइनचा मोर्चा महत्त्वाचा आहे, असं त्यात होतं. यंत्रानं बनवलेला खोटा आवाज. तुम्ही ज्या मोबाइलवर स्टेटस ठेवता, त्यावरच ती फिरत होती. २०१७ पासून या माणसाला चोवीस तास पोलीस संरक्षण आहे.

दुसऱ्या बाजूनंही वार झाले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला पाहिजे. २०१३ मध्ये समलिंगी विवाहाच्या कायद्याला खासदार म्हणून त्यांनी मत दिलं. एका मुफ्तींनी ते मुसलमान राहिले नाहीत असं जाहीर केलं, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या मतदानाबद्दल इथं बसलेल्यांत दोन मतं असतील, असू द्या. पण कायदे करणाऱ्यानं सगळ्यांसाठी कायदा करायचा असतो, आणि धर्मातून काढण्याचं प्रमाणपत्र कुणाच्या हातात द्यायचं नसतं, एवढं तरी मान्य करू.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला सोपी आहे. आपला माणूस, त्याच्यावर अन्याय, टाळ्या. आता अवघड भाग.

खान यांच्यावर कामावरूनही टीका झाली आहे, आणि त्यातली बरीचशी रास्त आहे. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं की चार वर्षं प्रवासाचं भाडं वाढणार नाही. बसचं आणि भुयारी रेल्वेचं साधं तिकीट खरंच वाढलं नाही. एका तासात दुसरी बस पकडली तर पैसे नाहीत, अशी सोयही केली, बस ड्रायव्हरच्या मुलाला शोभेल अशी. पण रोज लांबून येणारे पास काढतात, आणि पासाचे दर ठरवण्यात रेल्वे कंपन्याही असतात. ते वाढले. आश्वासन देताना ही मेख सांगितली नव्हती. लोकांनी धारेवर धरलं, आणि बरोबर केलं.

पोलिसांचंही तसंच. मानवी हक्कांच्या या वकिलानं निवडणुकीआधी सांगितलं होतं की रस्त्यात अडवून झडती घेणं मी खूप कमी करीन. झडतीचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो काळ्या मुलांना. चाकूहल्ले वाढले तसं जानेवारी २०१८ मध्ये त्यांनीच सांगितलं की झडत्या वाढवाव्या लागतील. २०२१ या एका वर्षात लंडनमध्ये ३० किशोरवयीन मुलांचे खून झाले, आजवरचा सर्वांत मोठा आकडा. त्यांचं म्हणणं होतं की केंद्र सरकारनं पोलिसांचे आणि युवा केंद्रांचे पैसे कापले. ते खरं आहे. पण मेलेल्या मुलाच्या आईसमोर हे कारण किती वेळ टिकेल? फेब्रुवारी २०२२ मध्ये पोलीस आयुक्त क्रेसिडा डिक यांच्यावर विश्वास उरला नाही असं खान यांनी सांगितलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. सरकारनं नेमलेल्या चौकशीनं ठपका ठेवला की महापौरांनी रीतसर प्रक्रिया पाळली नाही. पुढच्याच वर्षी लुईस केसी यांच्या अहवालानं त्याच पोलीस दलाला वंशवादी आणि स्त्रीद्वेष्टं म्हटलं. मग खान बरोबर की चूक? माझं उत्तर असं: हेतू बरोबर, पद्धत चूक. आणि पद्धत चुकली की ती चूकच असते, आपला माणूस असला तरी.

पण सगळ्यात मोठा वाद झाला तो हवेचा. यूलेझ म्हणतात त्याला. प्रदूषण करणारी जुनी गाडी घेऊन ठरलेल्या भागात आलात तर दिवसाला साडेबारा पौंड भरायचे. आपले हजाराहून जास्त रुपये समजा, रोजचे. पेट्रोलची साधारण २००५ नंतरची आणि डिझेलची २०१५ नंतरची गाडी असेल तर काही नाही. मूळ कल्पना आधीचे महापौर बोरिस जॉन्सन यांची, जे पुढं पंतप्रधान झाले. खान यांनी ती लवकर आणली, एप्रिल २०१९ मध्ये फक्त मध्य लंडनला. २०२१ मध्ये वाढवली आणि २९ ऑगस्ट २०२३ ला सगळ्या लंडनला लागू केली.

याच्या मागं एक मुलगी आहे. दक्षिण लंडनमध्ये वाहतुकीनं गजबजलेल्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी. दम्याचे झटके येऊन येऊन २०१३ मध्ये गेली. तिच्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं लिहून दिलं की प्रदूषित हवा हे तिच्या मृत्यूचं एक कारण आहे. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. खान यांना स्वतःला दमा आहे, २०१४ च्या मॅरेथॉनच्या सुमारास तो लक्षात आला. म्हणजे हा विषय त्यांनी कागदावरून उचललेला नव्हता.

आता दुसरी बाजू बघा. शहराच्या कडेला राहणारा प्लंबर. त्याची जुनी डिझेल व्हॅन. रात्रपाळीची नर्स, जिच्या भागात रात्री बस नाही. जुनी गाडी कोण वापरतं? ज्याला नवी परवडत नाही तो. श्रीमंतांच्या गाड्या नव्या असतात, त्यांना काहीच भरावं लागत नाही. लोक रस्त्यावर आले. चार बरो आणि सरे कौंटी कोर्टात गेल्या आणि हरल्या. कॅमेरे तोडले गेले. जुलै २०२३ मध्ये अक्सब्रिजची पोटनिवडणूक लेबर पक्ष ४९५ मतांनी हरला आणि खान यांच्याच पक्षाच्या नेत्यानं त्यांना पुन्हा विचार करायला सांगितलं. त्यांनी योजना मागं घेतली नाही. पण जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांसाठीचा निधी ११ कोटी पौंडांवरून १६ कोटींवर नेला, आणि आधी फक्त ठरावीक गटांना मिळणारे दोन हजार पौंड सगळ्या लंडनकरांना खुले केले. मला विचाराल तर हे पैसे आधी द्यायला हवे होते आणि दंड नंतर लावायला हवा होता. निर्णय मात्र बरोबर होता. गरिबाच्याच मुलाचं घर मोठ्या रस्त्याला लागून असतं, हे विसरून चालणार नाही.

या वादात एक प्रसंग घडला, त्यासाठी मी हे सगळं सांगतोय. मार्च २०२३ मध्ये ईलिंगला जाहीर सभा होती. बाहेर निदर्शनं. खान म्हणाले, यांच्यात उजवे कट्टरवादी आहेत, करोना नाकारणारे आहेत. होतेही त्यात तसले लोक. पण सभागृहात बसलेला साधा माणूस, ज्याच्या व्हॅनचा प्रश्न होता, तो भडकला. मी टॅक्स भरणारा माणूस, मला तुम्ही कट्टरवादी म्हणता?

दुसरा प्रसंग गाझाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पक्षाची भूमिका बाजूला ठेवून खान यांनी युद्धबंदीची मागणी केली, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. ब्रिटनमधल्या ज्यूंच्या प्रमुख धर्मगुरूंनी, चीफ रब्बींनी, त्यावर टीका केली. पुढं एका मुलाखतीत खान यांनी सुचवलं की माझं नाव सादिक खान आहे, म्हणून तर ही टीका झाली नसेल? म्हणजे ज्या माणसाला आयुष्यभर नावावरून मारलं, त्यानं एका टीकेचं उत्तर द्यायच्या वेळी त्याच नावाची ढाल पुढं केली. नंतर त्यांनी जाहीरपणे माफी मागितली. चूक केली, मान्य केली, पुढं गेले.

आता माझं ऐका.

माझ्या वॉर्डात आमचा मोहल्ला होता आणि शेजारच्या दोन गल्ल्या, लिंगायत आणि धनगर घरांच्या. निवडून आल्यावर मला विचारलं, कुठली समिती पाहिजे? पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य? मी म्हणालो, कब्रस्तानच्या भिंतीचं काम जिथून होईल ती द्या. पाच वर्षं मी सभागृहात भिंतीवर बोललो. उर्दू शाळेच्या खोल्यांवर बोललो. ईदगाहच्या रस्त्यावर बोललो. तिन्ही कामं झाली आणि मोहल्ल्यानं माझा सत्कार केला, फेटा बांधून. पाणी चार दिवसांनी यायचं, पाइपलाइन गटारीला लागून गेलेली, एका उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. दोन्ही गल्ल्यांत आली आणि मोहल्ल्यातही आली. पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकावर मी पाच वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. ते पान मी उघडलंच नव्हतं.

पुढच्या निवडणुकीला लिंगायत गल्लीत मत मागायला गेलो. एक म्हातारी दारात उभी होती. म्हणाली, "दादा, तुमच्या लोकांची भिंत झाली. आमच्या नळाचं काय?" मी पडलो त्या निवडणुकीत. घरी येऊन अम्मीला सांगितलं, बघ, मुसलमान म्हणून ते लोक असं बोलतात. अम्मी भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "उसके नल को पानी नै आया, तो बोली ना वो."

त्या वेळी राग आला होता मला अम्मीचा.

सादिक खान यांनी सप्टेंबर २०२३ पासून लंडनमधल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत केलं. पहिल्या वर्षाचा खर्च १३ कोटी पौंड, सुमारे २ लाख ८७ हजार मुलांचा अंदाज. लहानपणी ते स्वतः असं जेवण जेवलेत. त्या ताटाला धर्म नाही, आणि कुणाचं घर किती गरीब हेही त्यावरून कळत नाही, कारण सगळ्यांनाच मिळतं. मे २०२४ मध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले. ४३.८ टक्के मतं, दुसऱ्या क्रमांकावर ३२.७ टक्के. यूलेझवर चिडलेल्या कडेच्या बरोंनी विरोधात मत दिलं आणि ते त्यांनी द्यायलाच हवं होतं, त्यांचा हिशेब होता तो. २०२५ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, त्याच्या विरोधात दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्या सह्या करणाऱ्यांत नावाला विरोध करणारे किती आणि व्हॅनवाले किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. खान यांनाही नाही. प्रत्येक वेळी वेगळं करून बघावं लागतं, आणि ते करताना त्यांचीही चूक झाली, माझीही झाली.

तुमच्यातले तिघेजण येत्या निवडणुकीत उभे राहणार आहेत असं मला कळलंय. नावं घेत नाही, लाजू नका. मागच्या टेबलावर या शहराच्या नगरपालिकेचं चालू वर्षाचं अंदाजपत्रक ठेवलंय. तीन प्रती आहेत. पाणीपुरवठ्याच्या पानाला मी कागद घालून ठेवलाय. चहा त्याच टेबलावर आहे. चहानंतर प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न त्या पानावरचा असला तर बरं.